कूलंट जाते कुठे? इंजिनाचे हेड उतरवण्यापूर्वी करायच्या तपासण्या

गाडीतील कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) वारंवार कमी होऊ लागले की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, 'वरून पाणी टाकत राहा, काही होत नाही'. आणि दुसरा, 'हेड गॅस्केट (म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बसणारे हेड यांच्या मधले सील) गेले आहे, इंजिन खोलावे लागेल'. पहिला सल्ला मानला तर कूलंट दिवसेंदिवस पातळ होत जाते, आतले धातूचे भाग गंजतात आणि शेवटी इंजिन खरोखरच तापते. दुसरा घाईने मानला तर एखाद्या सैल क्लिपपायी किंवा निकामी झालेल्या झाकणापायी सगळे इंजिन उघडले जाते. माझ्या गाडीचे कूलंट कमी होत असताना मला हे दोन्ही सल्ले मिळाले होते. प्रत्यक्षात गळती निघाली ती रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाकीच्या सांध्यात, आणि तीही अशी की इंजिन थंड असताना तिथे साधा ओलावाही दिसत नसे. ती कशी सापडली आणि ती तिथे नसती तर पुढे काय काय तपासावे लागले असते, तो सगळा क्रम पहिल्यांदाच या प्रश्नाला सामोरे जाणाऱ्यांसाठी येथे देत आहे.

संपूर्ण तपासणीत एकच प्रश्न डोळ्यांसमोर ठेवा: यंत्रणेत दाब टिकत नाही म्हणून कूलंट जात आहे, की यंत्रणेत नको तितका दाब येत आहे म्हणून ते बाहेर फेकले जात आहे? दोन्ही प्रकारांत बॉनेटखालच्या कूलंटच्या बाटलीतील पातळी सारखीच खाली जाते, परंतु कारणे वेगळी असतात आणि दुरुस्तीही वेगळी असते. या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत एकही सुटा भाग बदलू नका.

१. दाब कशासाठी असतो, ते आधी समजून घ्या

साधे पाणी समुद्रसपाटीवर १०० अंश सेल्सिअसला उकळते. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि पाणी निम्मे-निम्मे मिसळले की हा उत्कलनबिंदू साधारण १०६ ते १०८ अंशांपर्यंत जातो. इंजिनातील काही जागा, विशेषतः हेडमधील एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपासचा धातू, याहून कितीतरी अधिक तापलेल्या असतात. तिथे कूलंट उकळून वाफेचे बुडबुडे साचले तर धातूतील उष्णता नीट बाहेर नेली जात नाही. म्हणूनच ही यंत्रणा बंदिस्त ठेवून तिच्यात दाब निर्माण होऊ दिला जातो. वातावरणाच्या दाबापेक्षा १ बार (बार हे दाबाचे एकक) अधिक दाब असेल तर साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही आणि निम्म्या-निम्म्या मिश्रणाचा उत्कलनबिंदू १३० अंशांच्या जवळपास पोहोचतो.

हा दाब ठरवते ते झाकण. बहुतेक गाड्यांत ते ०.९ ते १.४ बारच्या दरम्यान उघडते. काही गाड्यांत हे झाकण थेट रेडिएटरवर असते आणि शेजारची बाटली ही दाब नसलेली, केवळ ओसंडलेले कूलंट साठवणारी असते. तर आजच्या अनेक गाड्यांत बाटली हाच दाबाखालील यंत्रणेचा भाग असतो आणि झाकण तिच्यावरच बसते. आपल्या गाडीत यांपैकी कोणती रचना आहे हे प्रथम ओळखा, कारण पुढील चाचण्यांत दाब तपासणारा टेस्टर कुठे लावायचा ते त्यावरच ठरते.

निरोगी इंजिनात दाब येतो तो मुख्यतः कूलंट तापून प्रसरण पावल्यामुळे, म्हणजे तो हळूहळू, तापमानाबरोबर वाढतो. सिलिंडरमधील ज्वलनाचा दाब मात्र कित्येक डझन बार इतका असतो. त्यातला अंशभर वायू जरी हेड गॅस्केटमधून कूलंटच्या वाटेत शिरला, तरी इंजिन तापण्यापूर्वीच दाब चढू लागतो. दाब 'किती' आहे यापेक्षा तो 'केव्हा' चढतो, याला निदानात अधिक महत्त्व आहे.

२. हाताशी काय असावे

कागदपत्रे आणि साधने एकदाच जमवून ठेवली तर मधेच काम थांबवावे लागत नाही.

- गाडीसोबत आलेले ओनर्स मॅन्युअल. कूलंटचा प्रकार, एकूण क्षमता आणि झाकणाचा दाब यांची माहिती त्यात किंवा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळते.
- सर्व्हिसची जुनी बिले. कूलंट केव्हा बदलले, वॉटर पंप आणि टायमिंग बेल्ट केव्हा बदलले, पूर्वी कधी इंजिन तापले होते का, हे त्यांवरून कळते. गाडी जुनी घेतली असेल तर आधीच्या मालकाकडे या गोष्टींची चौकशी अवश्य करा.
- चांगला टॉर्च, दांडीला लावलेला छोटा आरसा, हातमोजे, डोळ्यांसाठी संरक्षक चष्मा, पांढरे टिश्यू पेपर आणि गाडीखाली अंथरायला मोठा पुठ्ठा.
- कूलंटचा प्रेशर टेस्टर. सायकलच्या पंपासारखा हातपंप, त्यावर दाबाचे मीटर आणि वेगवेगळ्या तोंडांना बसणारे अडॅप्टर असे याचे स्वरूप असते. विकत घ्यायचा नसेल तर एखाद्या गॅरेजकडून ही चाचणी आपल्यासमोर करून घ्या.
- ज्वलनवायू ओळखणारा ब्लॉक टेस्टर आणि त्याचा निळा द्रव.
- योग्य प्रकारचे कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी.

कूलंटमध्ये मिसळायचा आणि अतिनील प्रकाशात चमकणारा रंग ही सूक्ष्म गळती शोधण्यासाठी फार उपयुक्त वस्तू आहे. मात्र ती शेवटी वापरा, आधी नाही.

३. तापलेल्या इंजिनाचे झाकण कोणत्याही परिस्थितीत उघडू नका

तापलेल्या यंत्रणेतील कूलंट १०० अंशांच्या वर असूनही द्रवरूपात टिकलेले असते, ते केवळ दाबामुळे. झाकण सैल होताक्षणी तो दाब जातो, कूलंट एकदम उकळते आणि वाफेसह तोंडावर व हातांवर उसळते. वर कापड धरून झाकण फिरवण्याने हा धोका टळत नाही. इंजिन बंद केल्यावर किमान दोन-तीन तास थांबा, वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर यांना जोडणारी वरची रबरी नळी) हाताला पूर्ण थंड आणि मऊ लागत असेल तरच झाकण उघडा. बॉनेट उघडून काम करताना हेही ध्यानात असू द्या, की इलेक्ट्रिक फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

रस्त्यात तापमानाचा काटा चढू लागला तर गाडी सुरक्षित जागी थांबवून इंजिन बंद करा. थांबण्याची जागा मिळेपर्यंत एसी बंद करून हीटर पूर्ण उष्णतेवर आणि ब्लोअर पूर्ण वेगावर ठेवल्यास थोडी उष्णता त्या मार्गाने निघून जाते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जाण्याचे ते एक सरळ कारण आहे.

४. पातळी मोजा आणि लिहून ठेवा

'कूलंट कमी होते' या वाक्यातून निदान होत नाही. किती अंतरात, कोणत्या वापरात आणि किती कमी होते, हे कळले पाहिजे. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, गाडी एकाच सपाट जागी उभी करून बाटलीवर मार्करने खूण करा, तारीख आणि किलोमीटरचा आकडा वहीत लिहा आणि दोन आठवडे रोज सकाळी पातळी पाहत राहा. गरम इंजिनात पातळी वर दिसते, त्यामुळे संध्याकाळची आणि सकाळची नोंद यांची तुलना करू नका. तसेच, नुकतेच कूलंट बदलले असेल तर अडकलेली हवा बाहेर पडत असताना सुरुवातीला पातळी थोडी उतरते. तिला गळती समजू नका.

नोंदीत वापराचा प्रकारही लिहा. माझ्या बाबतीत शहरातल्या छोट्या फेऱ्यांत पातळी जवळजवळ हलत नव्हती, लांबच्या प्रवासानंतर मात्र ती स्पष्ट उतरलेली दिसे. त्यावरून इतके समजले, की गळती दाब पूर्ण चढल्यावरच होते. उलट, रात्रभर उभ्या गाडीची पातळी उतरत असेल तर इंजिन थंड होताना आकसणाऱ्या सांध्यांकडे, म्हणजे होजच्या क्लिपांकडे आणि थर्मोस्टॅटच्या (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) हाउसिंगकडे आधी पाहावे. काही गळत्या केवळ थंडपणीच होतात आणि इंजिन तापले की बंद होतात, हे नवख्या माणसाच्या ध्यानातच येत नाही.

निरोगी बंदिस्त यंत्रणेत वर्षभरात फार तर किंचित भर घालावी लागते. दर महिन्याला भर घालावी लागत असेल तर कूलंट नक्कीच कुठेतरी जात आहे, मग जमिनीवर एकही थेंब दिसत नसला तरी.

५. बाहेरची गळती डोळ्यांनी शोधा

रात्री गाडीखाली पुठ्ठा अंथरा आणि सकाळी त्यावरचा डाग पाहा. एसीच्या नळीतून पडणारे पाणी स्वच्छ, गंधहीन आणि बोटांना निव्वळ पाण्यासारखे लागते. कूलंटला रंग असतो, किंचित गोडसर वास असतो आणि ते बोटांत चोळले तर बुळबुळीत लागते. (चव घेऊन पाहण्याचा विचारही करू नका, इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे.)

थेंब सापडला तरी तो पडतो त्याच जागी गळती असते असे नाही. वाऱ्याच्या झोताने आणि इंजिनाच्या कडांवरून कूलंट बरेच दूर वाहत जाते. म्हणून सर्वांत वरचा ओला भाग शोधा. गरम धातूवर पडलेले कूलंट लगेच सुकते आणि मागे उरतो तो पांढरा, हिरवट किंवा गुलाबी थर. टॉर्च तिरपा धरला की हा थर खडूच्या भुकटीसारखा उठून दिसतो. माझ्या रेडिएटरच्या बाबतीत अ‍ॅल्युमिनियमची जाळी आणि प्लॅस्टिकची टाकी जिथे पट्ट्या दुमडून जोडलेली असते, तिथे एका पट्टीखालून निघालेली बोटभर लांबीची अशी एक रेघ होती. ती ओली नव्हती, पण नखाने खरवडल्यावर तिचे कण सुटत होते.

पुढील जागा या क्रमाने तपासा. होजची टोके आणि क्लिपा. होज दाबून पाहा, तो भेगाळलेला, तेलाने फुगलेला किंवा फार मऊ झालेला असेल तर बदलण्याच्याच लायकीचा आहे. रेडिएटरचे सांधे आणि खालचा ड्रेन प्लग. थर्मोस्टॅटचे हाउसिंग, जे हल्ली अनेकदा प्लॅस्टिकचे असते आणि जुने झाल्यावर चिरते. बाटलीचा शिवणीसारखा जोड. टर्बो असेल तर त्याला जाणाऱ्या कूलंटच्या बारीक नळ्या. ब्लॉकवरील गोल पत्र्याची झाकणे, जी आतून गंजून झिरपू लागतात.

वॉटर पंपाकडे विशेष लक्ष द्या. पंपाच्या अंगावर, बेअरिंग आणि सील यांच्या मधोमध एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेले असते. सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या भोकातून बाहेर यावे, अशी ती योजना आहे. भोकाखाली ओघळ दिसत असेल तर पंप बदलण्याची वेळ आली आहे. ते भोक बुजवून गळती थांबवायचा प्रयत्न कधीही करू नका, कारण मग बेअरिंग जाम होते. पंप टायमिंग बेल्टवर चालत असेल तर अशा वेळी तो बेल्टही जोखमीत येतो.

गाडीच्या आतली तपासणी बहुतेक जण विसरतात. डॅशबोर्डच्या मागे हीटरचा छोटा रेडिएटर असतो. तो गळत असेल तर पायाखालची मॅट ओली व चिकट लागते, काचेवर आतून तेलकट धुके साचते आणि ब्लोअर लावताच गोडसर वास येतो. जमिनीवर थेंब नाहीत आणि धूरही नाही अशा गाड्यांमध्ये मॅट उचलून खाली हात फिरवून पाहाच.

६. झाकण तपासा

झाकणावर त्याचा दाब छापलेला असतो. तो बारमध्ये ०.९ किंवा १.१ असा, किलोपास्कलमध्ये ८८ किंवा १०८ असा, किंवा पीएसआयमध्ये १३ किंवा १६ असा दिसतो. यातील प्रत्येक जोडी जवळजवळ एकच गोष्ट सांगते. छापलेला आकडा मॅन्युअलमधील आकड्याशी जुळतो का ते पाहा. कुणीतरी पूर्वी कमी दाबाचे झाकण बसवले असेल तर कूलंट वेळेआधीच ओसंडते, आणि ते हुबेहूब हेड गॅस्केटच्या बिघाडासारखे दिसते. जास्त दाबाचे झाकण लावून कुणी 'उपाय' केला असेल तर जुन्या होजवर आणि हीटरच्या रेडिएटरवर तो ताण येतो.

झाकणात दोन व्हॉल्व्ह असतात. मोठा व्हॉल्व्ह दाब अधिक झाला की उघडतो. छोटा व्हॉल्व्ह इंजिन थंड होताना आत निर्वात निर्माण झाली की उघडतो आणि बाटलीतले कूलंट किंवा बाहेरची हवा आत घेतो. थंड झाल्यावर वरचा होज चपटा झालेला आढळला तर हा छोटा व्हॉल्व्ह अडकला आहे असे समजा. रबरी सील कडक झाले आहे का, त्यावर चीर आहे का, तोंडाच्या कडेवर गंज किंवा खाच आहे का, हेही पाहा. प्रेशर टेस्टरला झाकणाचे अडॅप्टर असते. ते लावून पंप मारला की झाकण कोणत्या दाबाला सुटते आणि त्याच्या थोड्या खालच्या दाबाला धरून राहते का, हे मिनिटभरात कळते. शंका असेल तर कंपनीच्या मूळ दर्जाचे नवे झाकण बसवा. सबंध यंत्रणेतला हा सर्वांत स्वस्त भाग आहे आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते.

७. प्रेशर टेस्टरची चाचणी

इंजिन थंड असताना पातळी योग्य खुणेवर आणा, झाकणाच्या जागी टेस्टर बसवा आणि झाकणावर छापलेल्या दाबापर्यंत पंप मारा. त्याहून वर जाऊ नका. सुरुवातीला होज ताणले जाऊन काटा किंचित उतरतो; तेवढी भर घालून मग पंधरा मिनिटे थांबा. काटा जागच्या जागी राहिला तर थंड अवस्थेत गळती नाही. काटा उतरत असेल तर टॉर्च आणि आरसा घेऊन वरील सर्व जागा पुन्हा पाहा. आता कूलंट दाबाखाली आहे, त्यामुळे जी जागा आधी कोरडी होती तिथे थेंब फुटतो. टिश्यू पेपर सांध्याभोवती गुंडाळला की नजरेला न दिसणारा ओलावाही त्यावर उमटतो. माझ्या रेडिएटरच्या सांध्यावरची ती रेघ याच चाचणीत ओली झाली, तीही बऱ्याच उशिरा. पाच मिनिटांत चाचणी आटोपून 'प्रेशर बरोबर आहे' असे सांगितले जात असेल तर ते मान्य करू नका.

काटा उतरतो आहे, परंतु बाहेर कुठेही थेंब नाही, आतली मॅटही कोरडी आहे, अशी स्थिती असेल तर कूलंट इंजिनाच्या आत जात आहे असे धरून चालावे. अशा वेळी दाब तसाच ठेवून काही तास थांबा, पेट्रोल इंजिनाचे स्पार्क प्लग काढा, सर्वांनी बाजूला उभे राहून, इग्निशन व इंधन बंद करून इंजिन स्टार्टरने फिरवा. ज्या सिलिंडरमध्ये कूलंट झिरपले असेल त्याच्या भोकातून ते फवाऱ्यासारखे बाहेर येते. प्लग न काढता इंजिन फिरवणे धोक्याचे आहे. द्रव दाबला जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. नवख्या माणसाने ही चाचणी अनुभवी मेकॅनिकच्या सोबतीनेच करावी.

८. दाब नको तितका चढतो का, ते पाहा

आता प्रश्नाच्या दुसऱ्या बाजूकडे वळावे. टेस्टर यंत्रणेवर तसाच ठेवा, मात्र सगळा दाब सोडून काटा शून्यावर आणा आणि थंड इंजिन सुरू करा. पहिल्या मिनिटा-दोन मिनिटांत कूलंट फारसे तापलेले नसते, त्यामुळे काटा जवळजवळ स्थिर राहायला हवा आणि पुढे तापमानाबरोबर संथपणे वर चढायला हवा. इंजिन सुरू होताच तो झपाट्याने चढू लागला किंवा इंजिनाच्या फेऱ्यांच्या तालावर थरथरू लागला, तर ज्वलनाचा वायू आत येत आहे. काटा झाकणाच्या दाबाजवळ पोहोचताच टेस्टरच्या व्हॉल्व्हमधून दाब सोडा, कारण झाकण काढलेले असल्याने आता सुरक्षेचा दुसरा मार्ग नसतो.

टेस्टर नसेल तरी काही खुणा पाहता येतात. थंड इंजिन सुरू करून मिनिटभरातच वरचा होज हाताला कडक लागणे ही एक खूण. रात्रभर उभ्या गाडीचे झाकण सकाळी उघडताना फुस्स आवाज होऊन दाब बाहेर येणे ही दुसरी, आणि माझ्या मते अधिक भरवशाची. थंड झालेल्या कूलंटने आकसून दाब घालवायला हवा होता, तरीही तो उरला असेल तर तिथे वायू साठला आहे. झाकण उघडे ठेवून इंजिन चालवल्यावर सतत बारीक बुडबुडे येत राहणे ही तिसरी खूण आहे, परंतु नुकतेच कूलंट भरले असेल तर अडकलेल्या हवेचेही बुडबुडे येतात आणि ते काही वेळाने थांबतात.

यानंतर ब्लॉक टेस्टर वापरा. यात एका नळीत निळा द्रव असतो आणि कूलंटच्या पृष्ठभागावरची हवा रबरी फुग्याने त्यातून ओढली जाते. त्या हवेत कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोल इंजिनात द्रव पिवळा होतो. चाचणीपूर्वी कूलंटची पातळी तोंडापासून थोडी खाली आणा. कूलंटच द्रवात ओढले गेले तर चाचणी वाया जाते. रंग बदलला नाही म्हणून लगेच निर्धास्त होऊ नका. अनेक गॅस्केट केवळ इंजिन पूर्ण तापल्यावर किंवा लोडखाली गळतात, आणि डिझेल इंजिनाच्या धुरात आयडलिंगवर (गाडी उभी असून इंजिन नुसते चालू असताना) कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण कमी असते. म्हणून ही चाचणी इंजिन तापवून, फेऱ्या वाढवून आणि शक्य तर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा करा.

येथे डिझेल गाड्यांसाठी एक मोठी सूचना आहे. ईजीआर कूलरमध्ये (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणाऱ्या भागात) एका बाजूने धूर आणि दुसऱ्या बाजूने कूलंट वाहते. तो आतून फुटला तर कूलंट जळून जाते, पांढरा धूर येतो आणि धुरातील वायू कूलंटमध्ये मिसळून ब्लॉक टेस्टरचा रंगही बदलू शकतो. म्हणजे हेड गॅस्केटची बहुतेक लक्षणे तो एकटाच दाखवतो. हेड उतरवण्याआधी ईजीआर कूलर वेगळा काढून दाबाने तपासून घ्या, असा आग्रह धरा.

९. तेल, प्लग आणि धूर यांचा अर्थ जपून लावा

इंजिन चालू असताना ज्वलनाचा दाब कूलंटच्या दाबापेक्षा अधिक असतो, त्यामुळे वायू कूलंटमध्ये शिरतो. इंजिन बंद झाल्यावर मात्र सिलिंडरमध्ये दाब उरत नाही आणि तापलेल्या यंत्रणेतला दाब तसाच असतो, त्यामुळे आता कूलंट उलट सिलिंडरमध्ये झिरपते. म्हणूनच गळक्या गॅस्केटची गाडी सकाळी सुरू करताना काही क्षण थडथडते, पांढरा धूर सोडते आणि नंतर व्यवस्थित चालते. अशा सिलिंडरचा स्पार्क प्लग इतरांपेक्षा अधिक स्वच्छ, जणू वाफेने धुतलेला दिसतो.

थंड हवेत सकाळी सायलेन्सरमधून येणारी वाफ स्वाभाविक आहे. ती काही मिनिटांत नाहीशी होते आणि तिला वास नसतो. इंजिन तापल्यानंतरही दाट, गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहिला तरच काळजी करा. तेलाच्या झाकणाखाली दिसणाऱ्या पिवळसर फेसाचेही तसेच आहे. केवळ छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्प साचून तो येतो. डिपस्टिकवरचे तेल दुधट असेल किंवा तेलाची पातळी आपोआप वाढत असेल तर मात्र इंजिन सुरूच करू नका, कारण पाणी मिसळलेले तेल बेअरिंगांना वाचवू शकत नाही. आणि तेल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगले आहे, असाही निष्कर्ष काढू नका; गॅस्केट सिलिंडर आणि कूलंटची वाट यांच्या मध्ये फाटले असेल तर तेलात कधीच पाणी येत नाही.

याउलट कूलंटमध्ये तेल तरंगत असेल तर ऑइल कूलर तपासावा. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल रेडिएटरमधूनच थंड होत असेल आणि कूलंट गुलाबी, घट्ट दुधासारखे झाले असेल तर रेडिएटरमधला तो कूलर फुटला आहे. गाडी त्याच क्षणी थांबवा, कारण गिअरबॉक्सचे नुकसान फार वेगाने होते.

नेमका कोणता सिलिंडर दोषी आहे हे ठरवायचे असेल तर पिस्टन कॉम्प्रेशनच्या सर्वोच्च स्थितीत आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात. कूलंटमध्ये बुडबुडे आले की त्या सिलिंडरकडे बोट दाखवता येते. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकाच वेळी कमी असेल तर त्यांच्यामधली गॅस्केटची पट्टी गेलेली असण्याची शक्यता मोठी असते. गॅस्केट गेले आहे की हेडलाच तडा गेला आहे, हे मात्र हेड उतरवल्याशिवाय ठरत नाही.

१०. पातळी ठीक आहे, तरी गाडी तापते

गर्दीत तापते आणि वेगात ठीक राहते, तर फॅन, त्याचा रिले आणि फ्यूज पाहा. वेगात किंवा चढावर तापते, तर रेडिएटर आतून गाळाने किंवा बाहेरून धुळीने भरला आहे का ते पाहा. वरचा होज खूप गरम आणि खालचा बराच वेळ थंड, तर थर्मोस्टॅट बंद स्थितीत अडकलेला असू शकतो. थर्मोस्टॅट उघडाच राहिला तर उलट इंजिन लवकर तापत नाही.

तापमानाच्या काट्यावर पूर्ण विसंबू नका. अनेक गाड्यांत तो मोठ्या टप्प्यात मुद्दाम मध्यावर स्थिर ठेवलेला असतो. शिवाय कूलंट इतके कमी झाले की सेन्सर हवेत उघडा पडला, तर काटा खाली उतरतो आणि इंजिन मात्र जळत असते. हीटर उष्णतेवर असताना अचानक थंड हवा येऊ लागली तर कूलंट संपत आले आहे असे समजून लगेच थांबा.

११. गॅरेजमध्ये काय सांगावे आणि काय मागावे

आपली नोंदवही सोबत न्या. 'हेड गॅस्केट बघा' असे सांगू नका. 'प्रेशर टेस्ट करा, झाकण तपासा आणि ब्लॉक टेस्ट करा, मी थांबतो' असे सांगा. तिन्हींचे निकाल लेखी घ्या. हेड उतरवायचे ठरलेच तर ते परत बसवण्यापूर्वी सपाटपणा तपासणे आणि तड्यांसाठी दाबाची चाचणी करणे, या दोन गोष्टी कामाच्या यादीत आधीच लिहून घ्या. वाकलेल्या हेडवर नवे गॅस्केट टिकत नाही. हेडचे बोल्ट एकदाच वापरायचे असतील तर तेही नवे हवेत.

गळती बुजवणारी पावडर किंवा द्रव रेडिएटरमध्ये टाकायचा सल्ला मिळाला तर तो नाकारा. ते मिश्रण गळती ओळखत नाही; जिथे वाट अरुंद असेल तिथे साचते, आणि सर्वांत अरुंद वाटा हीटरच्या रेडिएटरच्या असतात.

१२. कूलंट पुन्हा भरताना

रंग पाहून कूलंट निवडू नका. रंगांना सर्व उत्पादकांमध्ये समान अर्थ नाही आणि विसंगत प्रकार मिसळले तर त्यातील गंजरोधक द्रव्ये निकामी होतात, काही वेळा गाळही बनतो. मॅन्युअलमध्ये दिलेला प्रकारच घ्या. डब्यावर ते थेट वापरायचे आहे की पाणी मिसळायचे आहे, हे वाचा. मिसळायचे असेल तर डिस्टिल्ड पाणी घ्या, कारण नळाच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात.

भरताना हीटर पूर्ण उष्णतेवर ठेवा, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंट सलग, बुडबुड्यांविना येईपर्यंत भरत राहा. मग इंजिन फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालवा, पूर्ण थंड होऊ द्या आणि पातळी पुन्हा खुणेवर आणा. हीटरमधून एकसारखी गरम हवा येते का ते पाहा. ती मधूनमधून थंड होत असेल तर हवा अजून अडकलेली आहे. काही इंजिनांत ही हवा स्कॅनर किंवा निर्वात पंपाशिवाय निघत नाही, तिथे गॅरेजची मदत घ्या. दुरुस्तीनंतर प्रेशर टेस्टरची पंधरा मिनिटांची चाचणी पुन्हा करा, त्यानंतर आणखी दोन आठवडे सकाळची नोंद चालू ठेवा.

काढलेले कूलंट उघड्या तसराळ्यात ठेवू नका आणि गटारात ओतू नका. त्याच्या गोडसर चवीमुळे जनावरे ते पितात आणि मूत्रपिंडे निकामी होऊन मरतात. घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भरा, कॅनवर ठळक अक्षरांत 'जुने कूलंट, विषारी' असे लिहा, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवा आणि टाकाऊ तेल व कूलंट स्वीकारणाऱ्या केंद्राकडे सोपवा.